पहिल्या डब्यासोबत: पातळ म्हणजे सोपं नव्हे

नमस्कार. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरचे उपचार झालेल्या मंडळींना आम्ही डबा देतो. पहिल्या दिवशी फोन ठरलेला असतो: "अहो, पातळ सांगितलं होतं, तुम्ही तर घट्ट पाठवलंत!" हे पत्रक त्या फोनचं उत्तर आहे.

निरोगी घशाला पातळ सोपं जातं, हे खरं. पण रेडिएशननंतर घशाचे स्नायू ताठर होतात, हलायला वेळ लावतात. श्वासनलिका मिटायच्या आतच पाणी खाली पोचतं आणि ठसका लागतो. अशांना सगळ्यात अवघड जातो तो साध्या पाण्याचा घोट! दाटसर पेज सावकाश सरकते, घशाला सावरायला अवधी देते. फार घट्ट केली तर मात्र घशातच चिकटून राहते. म्हणून प्रत्येकाचा दाटपणा वेगळा. तो तुमचे स्पीच थेरपिस्ट तपासून ठरवतात, आम्ही नाही.

झाकणावरचा आकडा

0 म्हणजे पाणी, 7 म्हणजे नेहमीचं जेवण. ही मोजपट्टी जगभर वापरतात. 4 नंबरचं जेवण गुळगुळीत असतं: चमच्यावर आकार धरतं आणि चमचा तिरका केला की एकगठ्ठा खाली पडतं. 5 नंबरला आमची गुरगुटी मूगखिचडी, ओलसर, कण 4 मिलिमीटरपेक्षा रुंद नाही.

पेज आम्ही सिरिंजने मोजतो. सुई नसलेल्या सिरिंजच्या खालच्या टोकावर बोट धरून 10 मिलि पेज भरायची, बोट काढायचं, 10 सेकंदांनी परत लावायचं. आत 4 ते 8 मिलि उरली तर 2 नंबर, त्याहून जास्त उरली, पण थोडी तरी गळली, तर 3. सुरुवातीला आम्ही ती चुलीवरून उतरवल्या उतरवल्या मोजायचो, आणि तुमच्याकडे पोचेपर्यंत तिची खळ झालेली असायची. आता कोमट झाल्यावर मोजतो. तुम्हीही कोमटच वाढा. वाटीत थोडी थोडी काढून घ्या. उष्टा चमचा डब्यात गेला की लाळेने पेज पुन्हा पातळ होते.

आमटी-भात कालवून देऊ नका, दुधातले पोहेही नकोत. रस आधी घसरतो, शितं मागे राहतात. मिरची, आमसूल, टोमॅटो आम्ही वापरत नाही, तोंड सोललेलं असतं. बेचव लागेल, त्याला आमचाही इलाज नाही. बऱ्याच जणांची चव काही महिन्यांत परत येते, तोंडाचा कोरडेपणा जास्त रेंगाळतो.

जेवताना

पलंगावर रेलून नको. खुर्चीत ताठ बसा, टीव्ही बंद, घास छोटा. जेवल्यावर अर्धा तास आडवं होऊ नका. हनुवटी छातीकडे झुकवून गिळायची युक्ती शेजारच्या काकांना लागू पडली म्हणून तुम्हाला पडेलच असं नाही, थेरपिस्टना विचारा. नाकात नळी असली तरी त्यांनी परवानगी दिलेले दोन चमचे रोज तोंडाने घ्या. गिळायचं थांबलं की ते स्नायू आणखी दुबळे होतात.

ठसका लागत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. काहींच्या फुप्फुसात अन्न गुपचूप उतरतं. जेवल्यावर आवाज ओला, गुळण्या केल्यासारखा येत असेल, सारखा ताप किंवा खोकला येत असेल, वजन उतरत असेल, तर डॉक्टरांना लगेच कळवा.

आकडा बदलला की थेरपिस्टच्या चिठ्ठीचा फोटो संध्याकाळी 6 पर्यंत पाठवा, दुसऱ्या दिवशीपासून डबा बदलेल. "आज जरा बरं वाटतंय" एवढ्यावर फोनवरून आकडा बदलून मिळणार नाही, कितीही ओळख असली तरी.