भिंतीवरचा फ्लेमिंगो इतका गुलाबी कसा?

नवी मुंबईत स्वच्छतेच्या स्पर्धेपायी भिंती रंगवायची लाट आली आणि जिथे मोकळी भिंत दिसेल तिथे फ्लेमिंगो उभे राहिले. या चित्रांमुळे पोराटोरांनाही हा पक्षी ओळखता येतो, हे काम मोठंच. पण बहुतेक चित्रांतला पक्षी डोक्यापासून शेपटीपर्यंत भडक गुलाबी असतो. तसला फ्लेमिंगो कॅरिबियन बेटांवरचा! ठाणे खाडीत येणारा मोठा रोहित (फ्लेमिंगोचंच मराठी नाव रोहित) जवळजवळ पांढरा, चोच गुलाबी आणि टोकाला काळी. लाल रंग दिसतो तो पंख उघडल्यावर. छोटा रोहित जास्त गुलाबी, पण त्याची चोच गडद किरमिजी, लांबून काळीच वाटते. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत संकटसमीप म्हणून नोंद आहे ती या छोट्याची.

आता रंगाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. फ्लेमिंगोची पिल्लं राखाडी असतात. गुलाबी रंग शरीरात मुळापासून तयार होत नाही, तो खाण्यातून येतो. छोटा रोहित चोच उलटी करून पाणी गाळतो आणि त्यातलं सूक्ष्म नीलहरित शैवाल खातो. त्यात बीटा कॅरोटिन असतं, गाजरातलंच. त्याच्या रेणूत एकाआड एक अशा ११ दुहेरी बंधांची साखळी असते. ती निळा प्रकाश शोषते, म्हणून आपल्याला नारिंगी दिसतं. पक्ष्याच्या शरीरातली विकरं (एन्झाइम्स) या रेणूच्या दोन्ही टोकांच्या कड्यांना ऑक्सिजन जोडतात. साखळी लांबते, शोषण हिरव्याकडे सरकतं आणि नारिंगीचा लाल होतो. या लाल रंगद्रव्याचं नाव कॅन्थाझॅन्थिन. पीस वाढत असतानाच तो त्यात उतरतो. पूर्ण वाढलेलं पीस निर्जीव, आपल्या नखासारखं, त्यामुळे उन्हात रंग विटला की आतून पुन्हा भरता येत नाही.

मग पक्षी काय करतो? मोठ्या रोहिताच्या शेपटीच्या मुळाशी तेलग्रंथी असते आणि तिच्या स्रावातही हीच रंगद्रव्यं असतात. जोडीदार शोधायच्या दिवसांत तो गाल त्या ग्रंथीवर घासतो आणि मान, छाती, पाठ चक्क रंगवून घेतो.

२०२० च्या टाळेबंदीत गुलाबी खाडीचे फोटो फिरले आणि ‘माणूस घरात बसला, निसर्ग बरा झाला’ असं सांगितलं गेलं. फ्लेमिंगो त्याच्या कितीतरी आधीपासून येतात, आणि अभ्यासकांच्या मते खाडीतल्या शैवालाच्या वाढीला आपल्या सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसचाही हातभार आहे. निसर्गाच्या शुद्धीच्या गोष्टी फॉरवर्ड करायला बऱ्या. ‘गुलाबी ग्लो’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्पिरुलिनाच्या, म्हणजे नीलहरित शैवालाच्याच, गोळ्याही त्याच माळेतल्या.

या पक्ष्यांसाठी २०१५ साली ठाणे खाडीचा एक भाग अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तरी ओहोटीच्या वेळी उघडा पडणारा चिखल आणि भरतीच्या वेळी टेकायला काठावरची उथळ तळी, दोन्ही नसतील तर पक्षी थांबणार नाहीत. चित्र त्या पाण्यापर्यंत पोचवण्याचा एक नमुना अमेरिकेत आहे. १९३४ साली व्यंगचित्रकार डिंग डार्लिंग यांनी रानबदकांचं चित्र काढलं आणि ते शिकाऱ्यांना सक्तीने घ्याव्या लागणाऱ्या तिकिटावर छापलं गेलं. दरवर्षी नवं चित्र निघतं आणि विक्रीतून पाणथळ जमिनी विकत घेतल्या जातात.

इथल्या चित्रकारांनी निदान एवढं करावं: गुलाबीचा डबा जरा आखडता, छोट्याच्या चोचीला किरमिजी, कळपात एखादं राखाडी पोर आणि पायाखाली निळं पाणी नको, काळा चिखल.