बिजासन घाटापलीकडचं ‘परराष्ट्र’

शिरपूर सुटतं, पळासनेर मागे पडतं आणि ट्रक बिजासन घाट चढू लागतो. पलीकडे सेंधवा. आज तिथे फक्त राज्य बदलतं. दीडशे वर्षांपूर्वी मात्र तिथून होळकरांचा मुलूख लागायचा, आणि होळकर दरबाराशी होणारा व्यवहार कलकत्त्यात जे खातं पाहायचं त्याचं नाव होतं फॉरेन डिपार्टमेंट. १८१८ पासून खानदेश इंग्रजांचा. घाटापलीकडचं इंदूर, बडवानी सरकारदप्तरी परराष्ट्र!

आजच्या परराष्ट्र मंत्रालयाचं मूळ याच खात्यात आहे. वॉरन हेस्टिंग्जच्या डोक्यावरचा ‘गुप्त आणि राजकीय’ कामाचा भार हलका करायला कंपनीने १३ सप्टेंबर १७८३ रोजी फोर्ट विल्यममध्ये ठराव करून ते उभं केलं. अफगाणिस्तान, इराणवर त्याची नजर असेच, पण बराचसा जीव देशातल्याच संस्थानांत अडकलेला. इंदूरला गव्हर्नर जनरलचा एजंट बसायचा तो याच खात्याचा. सातपुड्याच्या अलीकडेही हाच खाक्या, फक्त मुंबई सरकारचा: काठी संस्थानासारख्या मेवासी, म्हणजे डोंगरातल्या छोट्या संस्थानिकांसाठी खानदेशचा कलेक्टरच पोलिटिकल एजंट असे. त्याच काठीची राजवाडी होळी पाहायला आता गाड्या भरभरून माणसं जातात.

मराठ्यांना हे काम नवं नव्हतं. अष्टप्रधानांतला सुमंत, म्हणजे डबीर, परराज्यांचं पाहायचा. पुढे पेशव्यांचे वकील निजामाच्या आणि दिल्लीच्या दरबारात बसून बातमीपत्रं धाडत. एंबसीला आपण अजून वकिलात म्हणतो ते त्यामुळे. (तिथे कोर्टाची कामं होत नाहीत, हे मात्र अनेकांना सांगावं लागतं.)

१९१४ मध्ये खात्याचं नावच ‘फॉरेन अँड पोलिटिकल’ झालं. १९३५ च्या कायद्यानंतर, १९३७ मध्ये, त्याचे दोन तुकडे पडले: परदेश एकीकडे, संस्थानं दुसरीकडे. ९ ऑक्टोबर १९४६ ला भारतीय परराष्ट्र सेवेचा निर्णय झाला. नेहरूंनी हे खातं १९४६ पासून १९६४ पर्यंत स्वतःकडेच ठेवलं. संस्थानं विलीन झाली आणि ‘परराष्ट्र’ घाट सोडून समुद्रापार गेलं.

करार, शिखर परिषदा, संयुक्त राष्ट्रांतली भाषणं हे खात्याचं टीव्हीवर दिसणारं काम. गावात ते पोचतं ते पोलीस पडताळणीच्या निमित्ताने. “पासपोर्ट उना का रे भो?” (आला का रे भाऊ?) हा प्रश्न पारावर आला की समजायचं, कुणाचा तरी पोरगा आखाताकडे किंवा शिकायला बाहेर निघालाय. एके काळी पासपोर्ट देणं न देणं सरकारच्या मर्जीवर होतं. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरवला आणि त्याच वर्षी पासपोर्ट कायदा आला. २०१७ पासून तर पोस्टातच पासपोर्टच्या खिडक्या उघडू लागल्या. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’चा, म्हणजे कामासाठी बाहेर जाण्याआधी सरकारी तपासणी हवी असा शेरा पडतो. मजुरीसाठी आखातात जाणाऱ्याची फसवणूक होऊ नये म्हणून १९८३ च्या कायद्याने ती चाळणी लावली. पदवीच्या कागदावर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का, मारणंही याच मंत्रालयाकडे. व्हिसा मात्र ज्या देशात जायचं तो देश देतो. त्यासाठी दिल्लीला शिव्या घालून उपयोग नाही.

केळीचंही तसंच. जून २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीची जीआय (भौगोलिक) मानांकनाची केळी दुबईला गेली. निर्यातीचं खातं वाणिज्य मंत्रालयाचं, पण तिकडचे खरेदीदार गाठून द्यायला, माल अडला तर बोलायला वकिलातीतला व्यापार विभाग असतो. आणि २०२२ मध्ये युक्रेनमध्ये बॉम्ब पडू लागले तेव्हा पोलंड, रोमानियाच्या सीमेवर आपल्या मुलांना उतरवून घ्यायला वकिलातीचीच माणसं उभी होती. त्या मोहिमेचं नाव ‘ऑपरेशन गंगा’.

पासपोर्ट उघडला की आत राष्ट्रपतींच्या नावाने विनंती छापलेली असते: या माणसाला बिनरोक जाऊ द्या, लागेल ती मदत करा. परदेशी राजदूतही दिल्लीत आले की आपली अधिकारपत्रं राष्ट्रपतींच्याच हाती देतात. जुलै २००७ ते जुलै २०१२ ही पाच वर्षं ती अधिकारपत्रं घेणारे हात जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावच्या प्रतिभाताई पाटलांचे होते.