वर जाऊन आलेलं आणि वर गेलेल्यातनं केलेलं

मागच्या महिन्यात एका मित्रानं ऑनलाइन एक मेडल घेतलं, एका कमर्शियल स्पेस मिशनचं, आणि कोल्हापुरात गुजरीजवळ चहाच्या गाड्यावर ज्याला त्याला दाखवत सुटला की भावा हे अंतराळात जाऊन आलंय. मी बरोबरचं कार्ड उलटं करून वाचलं तर खाली बारीक अक्षरात, यात 'फ्लोन मटेरियल' आहे. म्हणजे मेडल कुठंच गेलेलं नाही, त्यातला थोडा धातू गेलेला आणि बाकी सगळं जमिनीवरचंच.

नुसता 'फ्लोन' म्हणजे ती वस्तू स्वतः, आहे त्या रूपात, यानात बसून वर गेली आणि परत आली. 'फ्लोन मटेरियल' म्हणजे वर गेलेलं काहीतरी आटवून, कापून किंवा मिसळून खाली आल्यावर केलेली नवी वस्तू. चांदीच्या दागिन्यांचं गाव असलेल्या हुपरीच्या माणसाला हे सांगायलाच लागत नाही, आजीचे तोडे आटवून नातीला पैंजण केले तर चांदी आजीचीच, पण आजीनं ते पैंजण काय कधी घातले नाहीत ना. आणि त्यातही सगळी चांदी आजीची असेल तर ठीक, किलोभर नव्या चांदीत आजीची दोन तोळे टाकून पन्नास जोड काढले आणि प्रत्येकाला 'आजीच्या चांदीचे' म्हणून विकले तर खोटं म्हणता येत नाही पण खरं म्हणायलाही जीभ जड होते.

हे काय आजचं नाही. अपोलोच्या अंतराळवीरांनी बरोबर नेलेली रॉबिन्स कंपनीची चांदीची पदकं, नंबर कोरलेली, ती अख्खी जाऊन आलेली. उलट अपोलो ११ नंतर नासानं मिशनसाठी राबलेल्या लोकांना वाटलेली मेडल्स, त्यात कोलंबिया आणि ईगल या यानांचा धातू मिसळलेला, पण मेडल घडवलं ते नंतर. अपोलो १४ मधून आलेली काही चांदी तर फ्रँकलिन मिंट या नाणी-पदकं काढणाऱ्या खासगी कंपनीनं दुसऱ्या चांदीत आटवून छोटी नाणी काढली आणि आपल्या मेंबरांना वाटली. म्हणून आज विकणारे 'अपोलो १४ ची चांदी' म्हणतात तेव्हा कुठली ते विचारायचं.

कमर्शियल मिशनमध्ये गुंता जास्त, कारण इथं सुरुवातीपासनंच लिलाव आणि जाहिरात धरून सामान नेतात. इन्स्पिरेशन४ घ्या, सप्टेंबर २०२१, स्पेसएक्सच्या क्रू ड्रॅगन यानात चौघं, तीन दिवस पृथ्वीभोवती. त्या चौघांतल्या क्रिस सेम्ब्रोस्कीनं वर वाजवलेली युकुलेली, म्हणजे छोट्या गिटारसारखं वाद्य, सेंट ज्यूड हॉस्पिटलच्या मदतीसाठी लिलावात गेली, ती फ्लोन, विषय संपला. त्याच यानातनं ६६ पाउंड हॉप्स गेले, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, आणि खाली आल्यावर सॅम्युएल अ‍ॅडम्स या अमेरिकन बिअरवाल्यांनी त्याची बिअर केली. हॉप्स फ्लोन, बिअर नाही. बाटली तर बिचारी कधी गोदामाबाहेर गेली नसेल, आता तिला फ्लोन म्हणून कुणी विकायला लागलं तर सरळ हसायचं.

आणि फ्लोन वस्तू महागच असते असंही नाही. ब्लू ओरिजिन या अमेरिकन अंतराळ कंपनीच्या क्लब फॉर द फ्यूचर या संस्थेनं मुलांची पोस्टकार्डं कंपनीच्या न्यू शेपर्ड यानातनं नेली आणि 'फ्लोन टू स्पेस' शिक्का मारून परत पाठवली, ते कार्ड पूर्ण फ्लोन. फक्त दोन गोष्टी बघायच्या. ही कार्डं २०१९ पासनं जायला लागली आणि न्यू शेपर्डमध्ये माणसं पहिल्यांदा बसली ती २० जुलै २०२१ ला, म्हणजे शिक्का असला तरी ती फ्लाइट माणसांची होती का ते तारखेवरनं तपासायचं. दुसरं, ते यान १०० किमीच्या थोडं वर जाऊन दहा-अकरा मिनिटांत खाली येतं, कक्षेत जात नाही. क्रू ड्रॅगनमधनं शुभांशु शुक्लांसारखं अठरा दिवस स्पेस स्टेशनवर राहून आलेल्या वस्तूची आणि याची किंमत एक लावू नका.

वस्तूकडे बघून हे काही कळत नाही. अंबाबाईला वाहिलेली साडी देवस्थान समितीकडनं घेतली आणि महाद्वार रोडवरनं तश्शीच काठापदराची आणली, घरात शेजारी ठेवली तर पावती सोडून काय फरक सांगणार? कागदाचं महत्त्व बघायचं तर अमेरिकेचा तो छोटा झेंडा बघा, १९८१ च्या पहिल्या शटलमधनं गेला, २०११ च्या शेवटच्या शटलमधनं परत गेला, स्पेस स्टेशनवरच ठेवला आणि २०२० मध्ये बेनकेन आणि हर्ली हे दोन अंतराळवीर तो क्रू ड्रॅगननं घेऊन आले. प्रत्येक टप्प्याची नोंद आहे म्हणून तो तो झेंडा आहे, नाहीतर तसले झेंडे दुकानात पैशाला पासरी.

म्हणून सर्टिफिकेटवर क्रियापद कशाला लावलंय ते वाचा. 'हे मेडल नेलं होतं' आणि 'या मेडलमध्ये नेलेला धातू आहे' यात सगळा खेळ. मटेरियल असेल तर किती ग्रॅम, आणि एकूण किती नग काढले हे विकणाऱ्याला लेखी विचारा. मी स्वतः मटेरियलवाली वस्तू वाईट म्हणत नाही, पैंजणही माणूस प्रेमानंच घालतो, फक्त तोड्याचा भाव देऊ नये.

मित्राचं मेडल पुढं हुपरीच्या मामांना दाखवलं. मामांनी काट्यावर ठेवलं, अठ्ठावीस ग्रॅम. मित्र म्हणाला त्यातलं वर गेलेलं किती ते बघा की. मामा म्हणाले, "टंच काढून चांदी किती ते सांगतो बाबा, ती कुठं फिरून आली ते कसं सांगू?"