चिप नसलेला टॅग: नवा म्हणावा इतका नवा नाही

दुकानातल्या वस्तूवरचं चोरीविरोधी चौकोनी स्टिकर सोलून पाहिलं, तर आत ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची चौकोनी चकली दिसते. दाराशी उभे खांब ८.२ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी सोडत असतात. चकली त्यांना साद देते आणि भोंगा वाजतो. चिप नाही, बॅटरी नाही. माहितीही एकाच बिटची: आहे किंवा नाही.

याहून जुना नमुना मॉस्कोचा. १९४५ साली सोव्हिएत मुलांनी अमेरिकी राजदूताला लाकडी राजमुद्रा भेट दिली. आत रशियन संशोधक लिऑन थेरेमिनने बनवलेलं ऐकण्याचं यंत्र होतं, तार किंवा सेल नसलेलं. बाहेरून रेडिओलहर सोडली की बोलण्याने थरथरणारा पडदा परतणाऱ्या लहरीत आवाज मिसळायचा. ते सापडायला १९५२ उजाडलं.

रेडिओलहरीने वस्तूची ओळख सांगणाऱ्या टॅगमध्ये चिप आली ती स्मरणशक्तीसाठी, आणि अडचण झाली ती किमतीची. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत अशा टॅगवर काम करणारं ऑटो-आयडी सेंटर सुरू झालं. ध्यास होता पाच सेंटच्या टॅगचा. त्याच वर्षी सेंटरच्या संस्थापकांपैकी केविन ॲश्टनने ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’, म्हणजे वस्तूंचं इंटरनेट, हा शब्दप्रयोग केला. पण प्रत्येक बिस्किटपुड्याला नेटला जोडायचं, तर टॅगची स्पर्धा बारकोडच्या नुसत्या शाईशी. चिप मात्र बनवायची आणि वर अँटेनावर नेमकी चिकटवायची. मग चिपच काढली तर?

लिथियम नायोबेटच्या स्फटिकावर ध्वनिलहर पळवून तिचे प्रतिध्वनी मोजणारे टॅग होते, पण स्फटिक छापता येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात प्रेराडोविच आणि नेमाई कर्माकार यांनी २००९ मध्ये सपाट पट्टीवर ३५ सर्पिलं कोरली. प्रत्येक सर्पिल ३.१ ते ७ गिगाहर्ट्झमधली आपापली वारंवारता गिळतं, परतलेल्या लहरीच्या आलेखात तिथे खड्डा पडतो. सर्पिल जोडून बंद केलं की तो खड्डा जागचा हलतो. खड्डा जागेवर आहे की नाही, हाच बिट. म्हणजे ३५ बिट. वस्तूंच्या प्रचलित इलेक्ट्रॉनिक क्रमांकाला ९६ लागतात.

खरी गोची वेगळीच आहे. फास्टॅगमधली चिप रीडरचं, म्हणजे टॅग वाचणाऱ्या यंत्राचं, ऐकून आपली पाळी येईपर्यंत गप्प बसू शकते. चिप नसलेले टॅग सगळे एकदम बोलतात, आणि कोण काय म्हणालं ते वेगळं काढणं अवघड होतं.

कागदावर छापलेला टॅग पावसाळ्यात ओल धरतो, आणि त्याने खड्डे सरकतात. ओळख पटवायला ही कटकट, पण गोदामातल्या धान्याच्या पोत्यावर तोच टॅग ओल मोजतो.