रिफर्बिश्ड लॅपटॉपची आतली बॅटरी बदलणे

कंपन्यांनी काही वर्षे वापरून लीज संपल्यावर परत केलेले लॅपटॉप तपासून, पुसून, गरजेपुरते भाग बदलून पुन्हा विकले जातात. अशा लॅपटॉपच्या खालच्या झाकणाआड बसवलेली जुनी लिथियम-आयन बॅटरी काढून नवी घालणे म्हणजे आतली बॅटरी बदलणे. विक्रेता रॅम वाढवून देतो, एसएसडी नवी घालतो. बॅटरी मात्र बहुधा आहे तीच राहते आणि वॉरंटीतूनही वगळलेली असते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो वा पुण्यातली तापकीर गल्ली, दुकानात ऐकलेल्या ‘बॅकअप’च्या तासांवर विसंबू नये. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ या आज्ञेपुढे ‘/बॅटरीरिपोर्ट’ जोडले (powercfg /batteryreport) की तयार होणाऱ्या अहवालात बॅटरीची मूळ क्षमता आणि आज पूर्ण चार्ज झाल्यावर उरणारी क्षमता असे दोन आकडे शेजारी-शेजारी दिसतात. मूळ २४ वॅट-अवरच्या (बॅटरीत मावणाऱ्या ऊर्जेचे एकक) जागी १४ उरले असतील, तर बॅटरी ५८ टक्क्यांवर आली आहे.

त्याच अहवालात चार्जिंगच्या फेऱ्याही नोंदलेल्या असतात, पण नुसत्या त्या आकड्यावर भुलू नये. लेनोव्होचा थिंकपॅड टी४८० (२०१८) हे याचे चांगले उदाहरण. याला दोन बॅटऱ्या: मागे खटका सरकवून निघणारी बाहेरची आणि झाकणाखाली २४ वॅट-अवरची आतली. अडॅप्टर काढला की आधी बाहेरची उतरते, मग आतली. त्यामुळे आतलीच्या फेऱ्या कमी दिसतात. पण ती वर्षानुवर्षे भरलेल्या अवस्थेत, मशीनच्या उष्णतेत पडून असते आणि लिथियम-आयनला नेमके हेच सोसत नाही. फेऱ्या कमी आणि क्षमताही कमी, अशी आतली बॅटरी या मॉडेलमध्ये आढळली तर नवल नाही.

काम स्वतः करता येण्याजोगे आहे. चार्ज २५ टक्क्यांखाली उतरू द्यावा. टी४८०च्या बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) ‘कॉन्फिग’खाली ‘पॉवर’मध्ये आतली बॅटरी बंद करण्याचा पर्याय आहे, तो निवडला की मशीन बंद होते. यानंतर अडॅप्टर जोडायचा नाही, जोडला की बॅटरी पुन्हा चालू होते. बाहेरची बॅटरी काढावी, झाकणाचे स्क्रू सैल करावेत (ते झाकणातच अडकून राहतात, हरवत नाहीत) आणि प्लास्टिकच्या पट्टीने कडेचे खटके एकेक सोडवावेत. इथे घाई केली की खटका तुटतो. आत धातूचे टोकदार हत्यार वापरू नये. बॅटरीचे कनेक्शन आधी सोडवावे, बाकी कशालाही हात नंतर लावावा.

खरी डोकेदुखी नवी बॅटरी निवडण्याची. मॉडेलचे नाव सांगून भागत नाही. जुन्या बॅटरीवर छापलेला पार्ट नंबर जुळवावा लागतो. डेलच्या लॅटिट्यूड ५४९० मध्ये ११.४ व्होल्टची ५१ वॅट-अवरची बॅटरी येते, तशीच ७.६ व्होल्टची ६८ वॅट-अवरचीही; मोठी बॅटरी अडीच इंची हार्ड डिस्कची जागा खाते. काही मशीन्स परक्या, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेल्या बॅटरीला ओळखच देत नाहीत: थिंकपॅड टी४३० आणि एक्स२३० (२०१२) अशी बॅटरी चार्ज करायला नकार देतात. ‘ओरिजिनल’ म्हणून मिळालेली बॅटरी गोदामात चार वर्षे पडलेली असू शकते, म्हणून उत्पादनाची तारीख पाहावी. पहिल्या चार्जनंतर अहवाल पुन्हा काढून पूर्ण क्षमतेचा आकडा छापील आकड्याशी ताडावा, तोही परत देण्याची मुदत संपण्याआधी.

बॅकअप चांगला असला तरी एका लक्षणावर बॅटरी लगेच काढावी: फुगणे. बॅटरीतला द्रव (विद्रावक) विघटित होऊन आत वायू साठतो. टचपॅड क्लिक होईनासा होतो, लॅपटॉप टेबलावर सपाट बसत नाही, झाकणाची फट वाढते. मग लॅपटॉप वापरणे आणि चार्जिंग, दोन्ही थांबवावे. पुरीसारखी टम्म झालेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, चिकटलेली असल्यास ओढून काढू नये. हे काम दुरुस्तीवाल्याचे. काढलेल्या बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्चक्रित करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि त्यांत आयातदारही येतात.