‘आईवरच गेलाय’ हे अर्धंच खरं

पाहुणे आले की मूल आईच्या मागे लपतं आणि घरात निकाल लागतो: “आईवरच गेलाय, भित्रेपणा रक्तातच आहे.” हा समज तपासायला जुळी माणसं कामी आली. एकसारख्या जुळ्या बहिणींची जनुकं जवळपास सारखीच, म्हणजे जनुकांच्या हिशेबात मूल आईइतकंच मावशीचंही. चिंता रक्तातून उतरत असेल, तर ते मावशीवरही तितकंच जायला हवं. स्वीडनमधल्या जुळ्यांच्या कुटुंबांवरचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पालकांची चिंता मुलांपर्यंत पोचण्यात जनुकांचा वाटा त्यात फारसा दिसलाच नाही. दिसला तो सहवासाचा.

काही मुलं जन्मतः बुजरी असतात, हे मान्य. पण “नाव काय रे तुझं?” याचं उत्तर दर वेळी आईच देते, वाढदिवसाला जाणं टळतं, तेव्हा मुलाची सुटका होते आणि भीती तशीच राहते. (बाबाही हेच करतात, बोल मात्र आईला.) शिवाय मूल बुजरं म्हणूनही पालक जास्त जपतात. येल विद्यापीठातल्या ‘स्पेस’ या मुलांच्या चिंतेवरच्या उपचारपद्धतीत तर उपचारांना फक्त पालक येतात. १२४ मुलांच्या चाचणीत तिचा गुण मुलांवरच्या थेट उपचारांच्या तोडीचा ठरला.