वाढीव वार्षिकी

वाढीव वार्षिकी : प्रकृती खालावलेल्या निवृत्ताला तेवढ्याच रकमेवर इतरांपेक्षा जास्त पेन्शन देणारा विमा करार. विमा कंपनीकडे एकरकमी पैसे भरायचे आणि जिवंत असेपर्यंत ठरलेली रक्कम घेत राहायची, ही साधी वार्षिकी. आयुर्विम्यात आजाऱ्याला हप्ता जास्त बसतो, इथे हिशेब उलटा आहे. वार्षिकीत कंपनीला भीती असते ती माणूस फार वर्षे जगण्याची. त्यामुळे मधुमेह, हृदयविकार, पक्षाघात, कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणे किंवा वर्षानुवर्षांची तंबाखू या गोष्टी अर्जात लिहिल्या की पेन्शन वाढू शकते. आयुष्य फारसे कमी न करणाऱ्या दुखण्याला, उदाहरणार्थ गुडघेदुखीला, सहसा काही मिळत नाही.

हा प्रकार मुख्यतः ब्रिटनचा. तिथे १९९० च्या दशकात धूम्रपान करणाऱ्यांना जादा दर देण्यापासून तो रुळला. त्यामागचे गणित मात्र जुने आहे. एडमंड हॅली या खगोलशास्त्रज्ञाने १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ शहराच्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून वयानुसार वार्षिकीची किंमत काढून दाखवली. तरी सरकारे पुढे बराच काळ एकाच दराने वार्षिकी विकत राहिली. अठराव्या शतकात फ्रान्सच्या सरकारने हेच केले, तेव्हा जिनिव्हाच्या सावकारांनी देवीचा रोग होऊन गेलेल्या, धडधाकट लहान मुली निवडून त्यांच्या नावावर वार्षिक्या घेतल्या. मुली खूप जगल्या आणि भार फ्रेंच तिजोरीवर पडला. किंमत ठरवणाऱ्याने प्रकृती विचारली नाही, तर घेणारा ती विचारतो.

ब्रिटनमध्येही हा लाभ आपोआप पदरात पडत नाही. ज्या कंपनीकडे पेन्शनचा पैसा साठला तिचाच पहिला दर स्वीकारून अनेक आजारी लोक मोकळे झाले. आजारपणामुळे जास्त मिळू शकते हे ग्राहकांना नीट सांगितले नाही, अशा कारणावरून तिथल्या वित्तीय नियामकाने २०१९ मध्ये स्टँडर्ड लाइफला सुमारे ३.०८ कोटी पौंड आणि प्रुडेन्शियलला सुमारे २.३९ कोटी पौंड दंड ठोठावला.

विदर्भातल्या खेड्यांत वार्षिकीचा प्रश्न शेतकऱ्यापेक्षा पगारदाराला पडतो. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर लागलेले जिल्हा परिषदेचे गुरुजी आणि ग्रामसेवक जुन्या पेन्शनबाहेर गेले आणि डीसीपीएस (परिभाषित अंशदान निवृत्तीवेतन योजना) मार्गे एनपीएस (राष्ट्रीय निवृत्तीवेतन योजना) मध्ये आले. साठलेला निधी ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर निवृत्त होताना त्यातला किमान ४० टक्के भाग वार्षिकीत घालावा लागतो. तिथे आजार विचारला जात नाही. एलआयसीच्या जीवन अक्षयसारख्या योजनेतही दर ठरतो तो वय, रक्कम, निवडलेला पर्याय आणि पैसे दरमहा की वर्षाने घ्यायचे यांवर. त्यासाठी वैद्यकीय तपासणी लागत नाही, आणि लोकांना ही सोयच वाटते. आजाऱ्याची ती खरे तर गैरसोय आहे, कारण त्याला निरोग्याचा भाव पडतो.

हा भाव कुठे लागतो हे उदाहरणाने कळेल. १० लाख रुपये आणि ६ टक्के व्याज धरा, कंपनीचा खर्च सोडून द्या. रक्कम २० वर्षांत संपवायची तर वर्षाला सुमारे ८७ हजार येतात, १२ वर्षांत संपवायची तर सुमारे १ लाख १९ हजार. वाढीव वार्षिकीची सगळी जागा या दोन आकड्यांच्या मधली. पण मृत्यूनंतर मूळ रक्कम वारसाला परत देणारा पर्याय घेतला, तर पेन्शनर १२ वर्षे जगो की २०, कंपनी व्याजच वाटते : वर्षाला ६० हजार. आयुष्य किती हा प्रश्नच बाजूला पडतो. आपल्याकडे ‘पैसा बुडाला नाही पाहिजे’ म्हणून लोक बहुधा हाच पर्याय घेतात. वाढीव वार्षिकी उद्या इथे आली, तरी असा पर्याय घेणाऱ्याच्या हाती फार काही लागणार नाही. आज मात्र आजाऱ्याने तोच घेणे शहाणपणाचे. रक्कम परत न करणारा पर्याय दरमहा जास्त देतो खरा, पण त्यातला जादा पैसा लवकर जाणाऱ्यांच्या रकमेतून येतो, आणि लवकर जाणारा आपणच असण्याची शक्यता असेल तर तो सौदा तोट्याचा. बायको धडधाकट असेल, तर तिला तेवढीच पेन्शन पुढे चालू ठेवणारी संयुक्त वार्षिकीही बरी.

ब्रिटनचे अर्ज इथे जसेच्या तसे चालणारही नाहीत. ते सिगारेटी मोजतात. नागपूरपासून गडचिरोलीपर्यंत चालतो तो खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून केलेला हा ऐवज दिवसाला किती पुड्या, असे विचारावे लागेल. त्याने तोंड उघडेनासे होते, पुढे कर्करोगाचा धोका असतो. पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे आहे, पण तिथेही फरक करावा लागतो : ‘एसएस’ म्हणजे रुग्ण, ‘एएस’ म्हणजे वाहक, आणि वाहकाचे आयुष्य सहसा नेहमीसारखेच असते. अकोला, अमरावती आणि बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या भागात, मूत्रपिंडाच्या विकाराची चर्चा घरोघर आहे. पुराव्याचे कागद सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरच्या ‘मेडिकल’ या रुग्णालयांचे, एका पिशवीत गुंडाळलेले असतात. डिस्चार्ज कार्ड जपून ठेवले तर उपयोग आहे, औषधांच्या चिठ्ठ्यांवर कुणी फारसे विसंबणार नाही.

वयाचीही एक गंमत आहे. जुन्या पिढीतल्या बऱ्याच जणांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून किंवा १ जुलै अशी अंदाजाने टाकली. दाखल्यावर दोन वर्षे लहान असलेल्याला वार्षिकीचा दर थोडा कमी मिळतो. नोकरी मात्र तेवढी जास्त झालेली असते, त्यामुळे त्याबद्दल तक्रार करणारा सहसा सापडत नाही.

आजारामुळे हिशेब बदलण्याची पद्धत भारतात अगदीच नाही असे नाही; ती उलट्या बाजूने आहे. जुन्या पेन्शनचा काही भाग एकरकमी घेण्याला, म्हणजे अंशराशीकरणाला, लोक ‘पेन्शन विकणे’ म्हणतात. केंद्राच्या १९८१ च्या नियमांप्रमाणे प्रकृतीमुळे सेवेतून बाहेर पडलेल्याची आधी वैद्यकीय तपासणी होते. डॉक्टर त्याचे वय प्रत्यक्षापेक्षा जास्त धरायला सांगू शकतात, आणि मग विकलेल्या पेन्शनची रक्कम कमी येते. तत्त्व तेच, पण इथे आजाऱ्याचे नुकसान होते.

आजाराची थेट दखल घेणारी एक सोय सरल पेन्शनमध्ये आहे. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या आयुर्विमा कंपन्यांना ही प्रमाणित योजना विकावी लागते. तिचे दोनच पर्याय आहेत आणि दोन्हींत मूळ रक्कम परत मिळते. पॉलिसी सुरू होऊन सहा महिने झाल्यावर पेन्शनर, त्याचा जोडीदार किंवा मुले यांपैकी कुणाला यादीतला गंभीर आजार निघाला, तर ती मोडून भरलेल्या रकमेच्या ९५ टक्के पैसे घेता येतात. त्यातून घेतलेले कर्ज वजा होते, आणि पेन्शन अर्थातच थांबते. आजारांची यादी पॉलिसीच्या शेवटच्या पानांत बारीक अक्षरांत असते. सही करण्याआधी ती घरातल्या शिकलेल्या पोराकडून वाचून घ्यावी.